रणभूमीवरील निःशस्त्र साक्षीदार

पानिपतच्या तिसऱ्या लढाईचे, म्हणजे १४ जानेवारी १७६१ या दिवसाचे, रणांगणावर प्रत्यक्ष बसून काढलेले एकही चित्र आपल्यापाशी नाही. जे आहे ते बखरींत, पत्रांत आणि काशीराज पंडितासारख्यांनी मागाहून लिहिलेल्या हकीकतींत. भाऊसाहेब पेशव्यांचे नेमके काय झाले याविषयी लोकांच्या मनात इतका संभ्रम राहिला की त्यांच्या नावाने तोतया उभा राहिला. त्याने १७७६ मध्ये कोकणात मोठे बंड माजविले आणि त्याला देहान्त शिक्षा देऊनच पेशवे सरकारला त्या प्रकरणाचा निकाल लावता आला. पार्वतीबाईंनी तर अखेरपर्यंत वैधव्य पत्करले नाही. रणांगणावरील मृत्यूला निर्विवाद साक्षीदार नसला, तर एका राज्याला आणि एका स्त्रीला केवढी किंमत मोजावी लागते, याचे हे आपल्याच इतिहासातील उदाहरण होय.

या घटनेनंतर शंभर वर्षे लोटण्यापूर्वीच युद्धभूमीवर एक नव्या प्रकारचा साक्षीदार अवतरला. बखरकार ऐकीव माहितीवर लिहू शकतो, शाहीर दहा वर्षांनी पोवाडा रचू शकतो, चित्रकार आपल्या घरी बसून घोडदळाची चढाई रंगवू शकतो. छायाचित्रकाराला मात्र ही सवलत नाही. जे दाखवावयाचे त्याच्यासमोर त्याला त्या क्षणी स्वतः उभे राहावे लागते. त्याच्या धैर्याचे मूळ या एका अटीत आहे, आणि त्याला मोजाव्या लागणाऱ्या किमतीचेही. ती किंमत कोणकोणत्या रूपांत वसूल झाली, हे काही निवडक उदाहरणांवरून पाहण्याचा या लेखाचा हेतू आहे.

युद्धाची सर्वांत जुनी ज्ञात छायाचित्रे काढणाऱ्यांत ज्याचे नाव निश्चित सांगता येते असा एक मनुष्य हिंदुस्थानातच होता. बंगालच्या लष्करातील शल्यवैद्य जॉन मॅकॉश याने १८४८-४९ च्या दुसऱ्या शीख युद्धाच्या वेळी आणि पुढे १८५२ च्या ब्रह्मदेशाच्या मोहिमेत छायाचित्रे घेतली. तथापि केवळ युद्धाच्या चित्रणासाठी मोठी सिद्धता करून निघालेला पहिला प्रसिद्ध छायाचित्रकार म्हणजे इंग्लंडचा रॉजर फेंटन. मँचेस्टरचे प्रकाशक ॲग्न्यू यांनी त्याला १८५५ मध्ये क्रिमियात धाडले. पाच कॅमेरे, सुमारे ७०० काचा आणि एका मद्यविक्रेत्याची जुनी घोडागाडी असा त्याचा सरंजाम होता. त्या गाडीचीच त्याने अंधारखोली केली होती.

त्या काळची पद्धत समजल्याशिवाय या माणसांचे कष्ट ध्यानात येणार नाहीत. काचेवर कलोडियनचा थर द्यावयाचा, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची आणि सुकण्यापूर्वी अंधारखोलीत नेऊन धुवावयाची. सारा खेळ काही मिनिटांचा. चित्र उमटण्यास काही सेकंद लागत, त्यामुळे धावता सैनिक किंवा फुटता गोळा टिपणे अशक्यच होते. उन्हाळ्यात ती बंद गाडी भट्टीसारखी तापे. लांबूनही नजरेत भरणाऱ्या या गाडीवर रशियन तोफांचा माराही झाला. जूनअखेर कॉलऱ्याने खंगलेला फेंटन सुमारे ३६० चित्रे घेऊन मायदेशी परतला. त्याच्या चित्रांत छावण्या आहेत, सेनापती आहेत, तोफगोळे विखुरलेली निर्जन दरी आहे. प्रेत मात्र एकही नाही. त्या दरीची दोन चित्रे उपलब्ध असून एकात गोळे रस्त्यावर आहेत आणि दुसऱ्यात रस्ता मोकळा आहे. गोळे कोणी हलविले आणि का, याची चर्चा अभ्यासक अजून करीत असतात. फेंटनने १८६२ मध्ये छायाचित्रण कायमचे सोडले, तो पुन्हा वकिलीकडे वळला आणि १८६९ मध्ये वारला.

रणांगणावरील प्रेते छायाचित्रांत प्रथम ठळकपणे आली ती आपल्या देशातून, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. फेलिचे बिआटो हा १८५८ च्या आरंभी कलकत्त्यास उतरला आणि इंग्रजांनी लखनौ पुन्हा घेतल्यावर तेथे पोचला. सिकंदरबागेत १६ नोव्हेंबर १८५७ रोजी सुमारे दोन हजार बंडवाले शिपाई मारले गेले होते. बिआटोच्या प्रसिद्ध चित्रात त्या बागेच्या भग्न वास्तूपुढे मानवी हाडे पसरलेली दिसतात. लढाई होऊन कित्येक महिने झाले असताना ही हाडे अंगणात आली कोठून? ती चित्रासाठी उघडी करण्यात आली, असे त्या काळच्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या आठवणींवरून समजते. आपल्याकडील मृतांचे असे चित्र काढणे त्या वेळच्या कोणा इंग्रज छायाचित्रकारास सुचले नसते. बंडवाल्यांच्या अस्थींबाबत तो संकोच उरला नव्हता.

त्याच महिन्यांत, म्हणजे १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये, वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीच्या वेढ्यात सापडले होते. यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने उत्तरेत आलेल्या या गरीब भिक्षुकाने शहराची लूट आणि कत्तल उघड्या डोळ्यांनी पाहिली. त्यांच्यापाशी कॅमेरा नव्हता, होती ती केवळ स्मरणशक्ती. सुमारे पंचवीस वर्षांनी त्यांनी ते सारे लिहून काढले आणि भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांच्या हातून ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारच्या भीतीने ही साक्ष इतकी वर्षे दडून राहिली. बिआटोची चित्रे मात्र तत्काळ विकली जाऊ लागली. १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरला धारातीर्थी पडलेल्या राणी लक्ष्मीबाईंचे निर्विवाद म्हणता येईल असे एकही छायाचित्र आज उपलब्ध नाही. कॅमेरा कोणाच्या बाजूस उभा आहे यावर कोणाचे मरण दिसावे आणि कोणाचा चेहरा हरवावा हे ठरते. साक्षीदार शूर असला म्हणजे तो निःपक्षपाती असतोच असे नाही, हा धडा या क्षेत्राच्या बाल्यावस्थेतच मिळून गेला.

अमेरिकेच्या यादवी युद्धात हे शास्त्र आणखी एक पाऊल पुढे गेले. १७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटीटमच्या लढाईत एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३,००० सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. मॅथ्यू ब्रॅडी याच्या पदरी असलेले अलेक्झांडर गार्डनर आणि जेम्स गिब्सन हे पुढच्या दोन-चार दिवसांत तेथे पोचले आणि प्रेते पुरली जाण्यापूर्वी त्यांनी चित्रे घेतली. ती ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या चित्रशाळेत मांडली गेली तेव्हा ब्रॅडीने जणू मृतदेहच आमच्या दाराशी आणून ठेवले, अशा आशयाचे उद्गार तेथील वृत्तपत्राने काढले. मात्र सारे श्रेय ब्रॅडीच्या नावे गेले. गार्डनर त्याच्यापासून वेगळा झाला आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या संग्रहात त्याने प्रत्येक चित्राखाली ते काढणाऱ्याचे नाव छापले. हा न्यायीपणा खरा. परंतु याच संग्रहातील गेटिसबर्गच्या एका मृत बंदूकधाऱ्याचे चित्र प्रेत दुसरीकडून उचलून आणून रचलेले होते, असे विल्यम फ्रासानिटो या संशोधकाने १९७५ मध्ये दाखवून दिले. एकाच माणसात नावाविषयीचा प्रामाणिकपणा आणि दृश्याविषयीचा अप्रामाणिकपणा असा एकत्र नांदत होता.

ब्रॅडीने या उद्योगात सुमारे एक लाख डॉलर घातले. युद्ध संपल्यावर लोकांना ती दृश्ये पाहावयासच नको होती. तो कर्जात बुडाला. १८७५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्याचा संग्रह २५,००० डॉलरना घेतला खरा, पण तोवर फार उशीर झाला होता. १८९६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात धर्मार्थ खाटेवर त्याचा अंत झाला. एका राष्ट्राची स्मृती जपणाऱ्याला राष्ट्राने हे दिले.

पहिल्या महायुद्धात छायाचित्रण सरकारी नियंत्रणाखाली गेले. १९१५ मध्ये फ्रान्समधील हिंदी पलटणींची चित्रे काढण्यासाठी इंडिया ऑफिसच्या वतीने हिल्टन गर्डवूड याची योजना झाली. पण त्यातील काही दृश्ये आघाडीच्या मागे, सरावाच्या जागी, रचून घेतलेली आहेत. बेळगावकडील वाचकांना मेसोपोटेमियातील मराठा पलटणींची आठवण असेलच. १९१५ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या एप्रिलअखेर कूत-अल-अमाराच्या वेढ्यात त्यांनी उपासमार सोसली. त्या वेढ्यातून जगलेल्या एका अस्थिपंजर हिंदी सैनिकाचे छायाचित्र लंडनच्या इंपीरियल वॉर म्यूझियममध्ये आहे. गर्डवूडच्या साऱ्या नीटनेटक्या चित्रांहून ते एक चित्र आपल्या आजे-पणज्यांनी काय भोगले ते अधिक खरेपणाने सांगते.

१९२५ नंतर लायकासारखा खिशात मावणारा कॅमेरा आला आणि छायाचित्रकार सैनिकाच्या बरोबरीने धावू लागला. बुडापेस्टचा एंद्रे फ्रीडमन आणि श्टुटगार्टची गेर्डा पोहोरिल ही दोन निर्वासित ज्यू तरुण मंडळी पॅरिसला भेटली. गिऱ्हाईक मिळावे म्हणून १९३६ मध्ये त्यांनी रॉबर्ट कापा या बड्या अमेरिकन छायाचित्रकाराचे सोंग रचले. पुढे ते नाव एंद्रेला चिकटले आणि गेर्डाने टारो हे आडनाव घेतले. दोघेही स्पेनच्या यादवी युद्धात गेली. जुलै १९३७ मध्ये ब्रुनेतेच्या पीछेहाटीत टारो जखमींना नेणाऱ्या मोटारीच्या पायरीवर चढली होती. एका रणगाड्याची त्या मोटारीला धडक बसली आणि ती चिरडली गेली. दुसऱ्या दिवशी, २६ जुलैला, तिने प्राण सोडला. पॅरिसमध्ये १ ऑगस्ट रोजी तिची अंत्ययात्रा निघाली, तो तिचा सत्ताविसावा जन्मदिवस होता.

तिचा जीव गेला, आणि पाठोपाठ नावही गेले. तिची कित्येक चित्रे दीर्घकाळ कापाची म्हणूनच ओळखली गेली. कापा, टारो आणि त्यांचा मित्र डेव्हिड सेमूर यांच्या सुमारे ४,५०० निगेटिव्हांच्या हरवलेल्या पेट्या मेक्सिकोत सापडून २००७ च्या अखेरीस न्यूयॉर्कला पोचल्या, तेव्हा कुठे कोणते चित्र कोणाचे याचा उलगडा होऊ लागला. कापाच्या पदरी कीर्ती भरपूर पडली. तो ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैनिकांबरोबर पाण्यात उतरला. युद्ध संपल्यावर १९४७ मध्ये त्याने सेमूर, कार्तिए-ब्रेसाँ, रॉजर यांच्यासह मॅग्नम ही छायाचित्रकारांची संस्था काढली. आपल्या चित्रांवर आपलाच हक्क राहावा, हा तिचा हेतू. परंतु युद्ध काही त्याला सोडीना. २५ मे १९५४ रोजी इंडोचायनात सुरुंगावर पाय पडून तो गेला. वय चाळीस. सेमूर १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये सुएझपाशी, युद्धबंदी होऊन चार दिवस झाल्यावर, गोळ्यांना बळी पडला. स्पेनमधील त्या तिघांपैकी एकालाही म्हातारपण लाभले नाही.

मृत्यू ही किंमत सर्वांना दिसते. न दिसणारी किंमत जॉर्ज रॉजरच्या वाट्याला आली. १९४५ च्या एप्रिलमध्ये बर्गन-बेल्सनच्या छळछावणीत पहिल्यांदा पोचलेल्या छायाचित्रकारांपैकी तो एक. चित्रे घेता घेता त्याच्या ध्यानात आले की समोर पडलेल्या प्रेतांची आपण चौकटीत सुरेख मांडणी करू पाहत आहोत. डोळा आपले शिकलेले काम करीत होता आणि मन गप्प झाले होते. त्या जाणिवेने तो इतका हादरला की त्याने युद्धाचे चित्रण कायमचे सोडले आणि आफ्रिकेची वाट धरली. गार्डनरच्या माणसांनी प्रेत हलविले, रॉजरने फक्त कॅमेरा हलविला होता. तरीही शरमला तो रॉजर. दाखाऊची छावणी टिपणाऱ्या ली मिलर या अमेरिकन स्त्रीची कथा आणखी मुकी आहे. युद्धानंतर ती नैराश्यात आणि मद्यात बुडाली. आपल्या आईने काय पाहिले होते, हे तिच्या मुलाला कळले ते १९७७ मध्ये तिचा मृत्यू झाल्यावर माळ्यावरच्या खोक्यांतून निघालेल्या हजारो चित्रांवरून.

व्हिएतनामच्या युद्धाने आणखी एक प्रश्न पुढे आणला. चित्र खरे असले म्हणजे ते पूर्ण खरे असते काय? १ फेब्रुवारी १९६८ रोजी सायगावच्या रस्त्यावर दक्षिण व्हिएतनामचा पोलीसप्रमुख जनरल लोआन याने एका बंदिवानाच्या डोक्यात गोळी घातली. तो क्षण एडी ॲडम्सने टिपला आणि त्याला १९६९ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. या चित्रात रचलेले काहीही नव्हते. तरीही ॲडम्सला त्याची टोचणी आयुष्यभर लागून राहिली. चित्राने एक क्षण दाखविला, त्यामागचा दिवस दाखविला नाही. जनरलने बंदिवानाला मारले आणि मी माझ्या कॅमेऱ्याने जनरलला मारले, अशा अर्थाचे त्याने पुढे लिहिले. लोआन अमेरिकेत जाऊन खानावळ चालवीत असे. त्या चित्राने तेथेही त्याचा पिच्छा सोडला नाही. ॲडम्सने त्याची क्षमा मागितली होती.

याच प्रश्नाचे सर्वांत कठोर रूप आपल्या शेजारी ढाक्यात दिसले. १९७१ च्या डिसेंबरात भावनगरचे किशोर पारेख कोणत्याही वृत्तपत्राने पाठविले नसताना स्वतःहून बांगलादेशात गेले. १९६२ आणि १९६५ ची युद्धे त्यांनी टिपली होतीच. येथे आठ दिवसांत काढलेली ६७ छायाचित्रे त्यांनी १९७२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यांत सेनापती जवळजवळ नाहीतच. आहेत ती पिळवटलेली साधी माणसे. विजयाच्या दोनच दिवसांनंतर, १८ डिसेंबरला, ढाक्यातील एका सभेनंतर हातपाय बांधलेल्या बंदिवानांना विजयी पक्षाच्या सशस्त्र लोकांनी संगिनींनी भोसकून मारले. परदेशी छायाचित्रकार तेथे हजर होते. आपण येथे आहोत म्हणूनच हा तमाशा चालला आहे, आपण निघून गेलो तर कदाचित थांबेल, असे वाटून काही जण निघून गेले. असोसिएटेड प्रेसचे हॉर्स्ट फास आणि मिशेल लॉरां थांबले. हत्या थांबली नाही. फास आणि लॉरां यांना १९७२ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि त्यांच्या चित्रांमुळे विजयी पक्षाचे कृत्यही जगासमोर आले.

कोणाचे बरोबर होते? शासकीय सेवेत पंचनामे करण्यात आणि वाचण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला या प्रश्नावर विचार करताना एक गोष्ट जाणवते. पंचनाम्यात पंचाचे काम घटना थांबविण्याचे नसते. जे आहे ते आहे तसे नोंदवून खाली सही करण्याचे असते. पण पंचाला बोलावले जाते ते घटना घडून गेल्यावर. घटना घडत असताना उभ्या असलेल्या मनुष्याला पंचाची ढाल पुढे करता येत नाही. म्हणून जे निघून गेले त्यांना मी भित्रे म्हणणार नाही. त्यांनी कीर्ती सोडली, ती सोडण्यासही धैर्य लागते. परंतु सारेच निघून गेले असते, तर त्या दिवसाचे सत्य आज तोतयाच्या गोष्टीसारखेच अफवांच्या स्वाधीन झाले असते. जे थांबले त्यांच्यावर निर्दयतेचा आरोप झाला, आणि तो त्यांना बाळगून जगावे लागले. लॉरां फार काळ जगलाही नाही. १९७५ च्या एप्रिलमध्ये, सायगाव पडण्याच्या अवघे दोन दिवस आधी, तो व्हिएतनाममध्ये मारला गेला.

ही परंपरा अजून खंडित झालेली नाही. रॉयटर्सचे दानिश सिद्दिकी, ज्यांनी रोहिंग्या निर्वासितांच्या चित्रांसाठी सहकाऱ्यांसह २०१८ चे पुलित्झर मिळविले होते, ते १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात स्पिन बोल्दक येथे चकमकीत मारले गेले. वय अडतीस. दिल्लीच्या जामिया मिलियाच्या कब्रस्तानात त्यांना मूठमाती मिळाली. २०२२ मध्ये करोनाकाळातील चित्रांसाठी त्यांना मरणोत्तर दुसरे पुलित्झर देण्यात आले. ऑक्टोबर २०२३ नंतर गाझामध्ये तर युद्धाची चित्रे मुख्यतः तेथलेच रहिवासी काढीत आले आणि त्यांतील कित्येक मारले गेले. कापा निदान पॅरिसला परत येऊ शकत असे. ज्याची गल्लीच रणांगण झाली आहे, त्याने परतावे कोठे?

तेव्हा धैर्य म्हणावे ते कशाला? गोळ्यांच्या वर्षावात उभे राहणे हे धैर्य आहेच, पण ते सैनिकापाशीही असते, आणि त्याच्या हातात निदान शस्त्र असते. छायाचित्रकाराचे खास धैर्य दुसरे आहे. समोर जे आहे त्यात एक गोळाही इकडचा तिकडे न करणे, आपल्या बाजूचा अपराधही तितक्याच स्पष्टपणे दाखविणे, आणि चित्र प्रसिद्ध झाल्यावर त्याचा जो अर्थ लोक लावतील त्याचे ओझे आयुष्यभर वाहणे. बिआटो पहिल्या कसोटीला उतरला नाही. रॉजरने स्वतःलाच त्या कसोटीवर नापास ठरविले. ॲडम्स उत्तीर्ण होऊनही सुखी झाला नाही.

आपण पाहणारे मात्र सकाळच्या चहाबरोबर अशी चित्रे पाहतो आणि पान उलटतो. ब्रॅडीच्या काळच्या लोकांनीही तेच केले होते. हा दोष कदाचित मनुष्यस्वभावाचाच असेल, परंतु थोडेसे आपल्या हाती आहे. चित्राखालचे नाव वाचावे. ते कोणत्या बाजूस उभे राहून घेतले आहे आणि चौकटीबाहेर काय राहिले असेल याचा क्षणभर विचार करावा. आणि आपल्या घराण्यांच्या जुन्या पेट्यांत फौजेतल्या कोणा पूर्वजाचे पिवळे पडलेले चित्र असेल, तर त्याच्या पाठीवर नाव, गाव आणि सन आजच लिहून ठेवावे. सांगणारे वडीलधारे एकदा गेले की त्या चेहऱ्याची साक्ष द्यायला कोणीही उरत नाही.